उंबऱ्याजवळचे मडके

एकदा एका राज्यात न्यायाच्या सर्वांत वरच्या पीठावरची एक जागा रिकामी झाली. पीठ पाच जणांचे. त्यांतले एक वार्धक्याने वारले आणि उरलेले चौघे प्रत्येक अवघड प्रकरणात दोन-दोन असे फुटू लागले. दोघे होय म्हणत, दोघे नाही म्हणत, आणि कागद पुन्हा फडताळात जाऊन पडे. शेवटी राजाने राजधानीबाहेर नदीकाठी राहणाऱ्या एका निवृत्त न्यायगुरूंना निरोप धाडला की योग्य माणूस आपण सुचवावा, आम्ही नेमू.

न्यायगुरूंपाशी तेव्हा माणकोजी नावाचा एक शिष्य होता. नावाड्याचा मुलगा, बुद्धीने तल्लख, अक्षराने देखणा आणि स्वभावाने पक्का संशयी. दूध पातळ लागले तर त्याला गवळ्याचा संशय येई, आणि घट्ट लागले तर अधिकच येई. गुरुजी त्याला माणकू म्हणत. न्यायशास्त्र शिकणाऱ्याच्या अंगी थोडा संशय असलेला बरा, असे म्हणून ते त्याचे कौतुकच करीत.

राजाचा निरोप आल्या दिवसापासून मात्र माणकूचे लक्ष ग्रंथात लागेना. त्याचे कारण समजण्यासाठी त्या राज्यातली एक रीत आधी सांगितली पाहिजे.

खालच्या न्यायसभेत निवाडा झाला की न्यायाधीशाने आसनावरून उठावे आणि दोन्ही पक्षांच्या हातावर स्वतःच्या हाताने गुळाचा एकेक खडा ठेवावा. आधी हरलेल्याच्या, मग जिंकलेल्याच्या. हरलेल्याने खडा खाल्ला म्हणजे निवाडा मान्य झाला, त्यावर पुन्हा दाद नाही. मान्य नसेल तर तीन दिवसांच्या आत त्याने तो खडा न्यायसभेच्या उंबऱ्याजवळ ठेवलेल्या मडक्यात आणून टाकावा. खडा पडला की कारकून त्या प्रकरणाचे कागद वरच्या पीठाकडे पाठवी. वरच्या पीठात मात्र ना गूळ होता, ना मडके. त्याच्यावर दाद मागायला जागाच नव्हती, तेव्हा मडके ठेवून करायचे काय? तिथे नुसते कागद येत आणि कागद जात.

दोन वर्षांपूर्वी माणकूच्या वडिलांचा नदीच्या उतारावर नाव चालवून लोकांना पार नेण्याचा हक्क न्यायसभेत गेला होता. न्यायाधीश होते विश्वंभरशास्त्री. निवाडा ऐकून वडील हातात खडा घेऊन दाराकडे वळले, तर शिपाई दारात काठी आडवी धरून उभा. "खा," तो म्हणाला. वडील म्हणाले, "मला तीन दिवसांची मुदत आहे." शिपाई म्हणाला, "इथं मुदत नसते. खा, जीभ दाखव आणि जा." साठीला आलेल्या त्या माणसाने भरल्या दारात गूळ खाल्ला आणि जीभ बाहेर काढून दाखवली. तेव्हापासून त्यांनी गूळ तोंडात घेतला नव्हता. ज्या घाटावर आपली नाव लागायची, तिथेच ते आता दुसऱ्याच्या नावेवर रोजाने वल्हे मारीत.

गावाने मिळून वरच्या पीठाकडे अर्ज केला होता की खडा धाकाने खायला लावला, तेव्हा आमचे म्हणणे ऐकावे. चौघांतले दोघे म्हणाले, खाल्ला तो खाल्ला. दोघे म्हणाले, ऐकले पाहिजे. अर्ज फडताळात गेला. आता पाचवा माणूस जे म्हणेल ते होणार होते. आणि यातले एक अक्षरही माणकूने गुरुजींना सांगितले नव्हते.

राजधानीत दोन नावे बोलली जात होती. एक नाव याच विश्वंभरशास्त्र्यांचे. अठ्ठावीस वर्षे न्यायाधीश, आणि एवढ्या काळात त्यांचा एकही निवाडा कोणी फिरवलेला नाही. दुसरे निंबाजी अर्जनवीस यांचे. हे गृहस्थ वीस वर्षे बाजारपेठेतल्या एका ओट्यावर बसून लोकांचे अर्ज लिहीत आले होते. शास्त्र त्यांना मुखोद्गत होते असे विद्वानही कबूल करीत, पण न्यायाच्या आसनावर ते एक घटकाही बसलेले नव्हते. ज्याने लहान आसन पाहिले नाही त्याला एकदम मोठ्यावर कसे बसवायचे, असे दरबारी मंडळी विचारीत, आणि विचारण्यात चूक काही नव्हती.

माणकूचा हिशेब सोपा होता. विश्वंभरशास्त्री वर गेले तर त्यांना स्वतःच्याच निवाड्यावरच्या अर्जात बसता येणार नाही. म्हणजे चौघे दोन-दोनच राहणार आणि वडिलांचा अर्ज फडताळातच कुजणार. निंबाजी आले तर निदान आशा होती. गुरुजींच्या एका शब्दावर सगळे अवलंबून होते आणि गुरुजी तर रोज सकाळी शांतपणे तुळशीला पाणी घालीत होते.

आठ दिवसांनी एक माणूस डोक्यावर मडके घेऊन अंगणात आला. मडक्याचे तोंड पांढऱ्या फडक्याने घट्ट बांधलेले. माणसाच्या गालावर जुना वण होता. वडिलांनी सांगितलेला वण तो हाच, हे माणकूने तत्काळ ओळखले. "शास्त्रीबोवांनी पाठवलंय," शिपाई म्हणाला. "गुरुजींच्याच हातात द्यायचंय." गुरुजी लगबगीने बाहेर आले, मडके स्वतः उचलून आत घेऊन गेले आणि त्यांनी दार लोटून घेतले.

माणकू लोटलेल्या दाराकडे पाहत राहिला. चार वर्षे ज्यांच्या पायाशी बसून निःस्पृहता शिकलो, त्यांनी मडके आत नेले आणि दार लोटले. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी नदीवर स्नानाला गेले असता तो त्यांच्या खोलीत शिरला. कोपऱ्यात गुरुजींचे स्वतःचे एक जुनाट मडके होते. आत काहीतरी काळे, चिकट थिजलेले असे. पहिल्या वर्षी माणकूने सेवाभावाने ते घासायला घेतले, तेव्हा गुरुजी त्याच्यावर कधी नव्हे ते ओरडले होते. त्या घाणेरड्या मडक्याशेजारीच शास्त्रीबोवांचे मडके ठेवलेले होते. फडके सोडलेले होते. माणकूने आत पाहिले.

मडके रिकामे होते. नुसते रिकामे नव्हे, तर राख लावून घासून, धुऊन, उन्हात वाळवलेले होते. त्याने आत हात फिरवला, वास घेतला, काही नाही. दुसरा कोणी असता तर ओशाळून बाहेर आला असता. पण संशयी माणसाला रिकामे मडके भरलेल्यापेक्षा जास्त सांगते. आत जे होते ते काल दार लोटून काढून घेतले, हे त्याच्या लेखी सिद्ध झाले. त्याच दुपारी त्याने आपल्या सुंदर अक्षरात राजाच्या नावे एक पत्र लिहिले. न्यायगुरूंनी उमेदवाराकडून बंद मडके स्वीकारले आहे, तरी महाराजांनी चौकशी करावी. पत्राची घडी करून त्याने ती आपल्या बसण्याच्या चटईखाली ठेवली. शिफारस एकदा कुणाकडे जाते ते पाहावे, मग धाडावे, असा त्याचा बेत होता.

पुढल्या गुरुवारी विश्वंभरशास्त्री स्वतः आले. माणकूने त्यांना प्रथमच पाहिले. राक्षस असेल असे त्याला वाटले होते, तर निघाला एक नीटनेटका, मंद आवाजात बोलणारा, सज्जन दिसणारा गृहस्थ. त्यामुळे माणकूचा संशय दुप्पट झाला.

"अठ्ठावीस वर्षांत निवाडे किती झाले असतील?" गुरुजींनी विचारले.

"अडीच हजारांच्या आत-बाहेर."

"आणि मडक्यात खडे किती पडले?"

"एकही नाही." शास्त्रीबोवांच्या चेहऱ्यावर संकोच आणि अभिमान दोन्ही होते. "आपण मडकं मागवलंत, तेव्हा पाहिलं असेलच. माझ्या शिपायालाही त्याचा फार अभिमान आहे. तो ते रोज घासतो."

"एखादा खडा पडला असता तर?"

शास्त्रीबोवांनी खांद्यावरचे उपरणे सारखे केले. मग म्हणाले, "लोकांना वाटलं असतं, माझं काही चुकलं."

गुरुजींनी उठून त्यांना नमस्कार केला आणि दारापर्यंत पोहोचवले. माणकू आतल्या आत जळत राहिला. एवढे ऐकून वर नमस्कार करायचा म्हणजे काय?

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी निंबाजी अर्जनवीस आले. पायांवर धूळ, बोटांना शाई, आणि हातात एक गाठ मारलेली लहानशी पुरचुंडी. बसता बसताच म्हणाले, "गुरुजी, आपण मडकं घेऊन या म्हणून निरोप दिलात. माझ्याकडे कुठलं आलंय मडकं? मी कधी निवाडा केलेला नाही. निरोप्याची चूक झाली असेल, असं वाटलं."

"मग हातात काय आहे?"

निंबाजींनी गाठ सोडली. आत गुळाचे तीन खडे होते. जुने, काळे पडलेले.

"लोक हरल्यावर तीन दिवसांत माझ्या ओट्यावर येतात," ते सांगू लागले. "हातात खडा असतो. विचारतात, खाऊ की मडक्यात टाकू? मी सगळं ऐकून घेतो, कागद वाचतो. दहांतल्या सातांना सांगतो, खाऊन टाका, निवाडा बरोबर आहे."

"म्हणजे त्या सातांच्या अर्जाचे पैसे काही तुम्हाला मिळत नाहीत."

"शिव्या मिळतात," निंबाजी म्हणाले. "मिळायच्याच. तिघांचा लिहितो."

"आणि हे खडे?"

निंबाजींनी खाली पाहिले. "या तिघांना मी खा म्हणून सांगितलं होतं. त्यांच्याच्यानं खाववेना, माझ्यापुढं ठेवून निघून गेले. पुढं कधीतरी मला कळलं, की त्यांचंच खरं होतं. एकाच्या बाबतीत तर मी एक कागद उलटून पाहिलाच नव्हता. तोवर मुदत गेली होती. टाकून देववत नाही मला ते." त्यांनी गाठ पुन्हा बांधली. "म्हणून म्हणतो, माझं नाव सुचवू नका."

ते गेल्यावर गुरुजींनी माणकूला दौत-लेखणी घेऊन बसायला सांगितले आणि राजासाठी पत्र सांगायला सुरुवात केली. दुसऱ्याच वाक्यात निंबाजींचे नाव आले. माणकूची लेखणी अशी धावू लागली, की गुरुजींना थांबून त्याच्याकडे पाहावे लागले.

"आनंद झाला?"

"झाला, गुरुजी."

"कशाचा?"

"योग्य माणूस निवडलात त्याचा. पण मला कळत नाही. शास्त्रीबोवांना अठ्ठावीस वर्षांचा अनुभव. यांनी एकही निवाडा दिलेला नाही. दरबार विचारणार."

"विचारू दे, विचारायलाच हवं." गुरुजींनी कोपऱ्यातले आपले जुने मडके पुढे ओढले. "मी अकरा वर्षं खाली न्यायाधीश होतो. हे माझ्या उंबऱ्याजवळचं मडकं. पावसाळ्यात गूळ पाझरायचा, मुंग्यांची रांग थेट आसनापर्यंत यायची. रोज सकाळी बसण्याआधी मी त्या झटकायचो. प्रत्येक मुंगीमागं कुणीतरी म्हणत होतं, तुझं चुकलंय. त्यांतले बरेच खोटं म्हणत होते. सगळे नाही. हे ऐकण्याची सवय व्हावी म्हणून माणसाला खालच्या आसनावर बसवायचं असतं. शास्त्रीबोवा विद्वान आहेत, त्यांचे बहुतेक निवाडे अचूक असतील. पण अडीच हजार हरलेल्यांत एकालाही न्यायाधीश चुकला असं वाटलं नाही, हे मी मानणार नाही. दारात कुणीतरी उभं असलं पाहिजे. आणि आतल्याला ते अठ्ठावीस वर्षं दिसलं नसेल, तर त्यानं त्या दाराकडे पाहिलंच नाही. खाली हे एकवेळ चालतं, कारण वर कुणीतरी आहे. सगळ्यांत वर बसलेल्याच्या वर कोण आहे?"

गुरुजी पुढे म्हणाले, "निंबाजींनी कुणाच्या हातावर खडा ठेवलेला नाही, ही उणीव आहेच. ती मी पत्रात लिहितोय आणि तिच्यावरचा उपायही. हे पत्र पुरं कर. आणि मग चटईखालचं दे."

माणकूचा हात जागच्या जागी थांबला.

"दुपारी चटई झाडली मी," गुरुजी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून माणकूला अधिक भीती वाटली. त्याने घडी काढून दिली. गुरुजींनी ती उजेडात धरून सावकाश पुन्हा वाचली. "अक्षर छान. पण मडक्यात काय होतं ते लिहिलेलं नाहीस, पाहणारा कोण ते नाही, आणि मडकं मीच मागवलं होतं की त्यांनी आपणहून पाठवलं, हेही विचारलेलं नाहीस. दार मी लोटलं ते वाऱ्यानं धूळ येत होती म्हणून. आता खरं सांग. वरच्या पीठाकडे उतारावरच्या एका नावाड्याचा अर्ज पडून आहे. तो तुझा कोण?"

"वडील," माणकू म्हणाला.

"निरोप आला त्याच दिवशी तू म्हणायला हवं होतंस, गुरुजी, या कामात मी आपल्यापाशी बसू नये. मी वाट पाहत होतो. तू शास्त्रीबोवांचा संशय घेतलास, शिपायाचा घेतलास, माझाही घेतलास. त्याबद्दल मी तुला बोलणार नाही, तेवढा तुझा हक्क आहे. पण या चटईवर जो बसला होता, त्याचा संशय तुला एकदाही आला नाही." त्यांनी ती घडी त्याच्या हातात परत दिली. "हे पत्र तूच सांभाळ. पुढं आसनावर बसशील तेव्हा तुला लागेल."

त्या दिवशी माणकू खूप रडला. आपण किती हीन वागलो, एवढेच त्याला दिसत होते.

निंबाजी पाचव्या आसनावर बसले. गुरुजींनी पत्रात एक अट घातली होती, ती राजाने मान्य केली होती. वर्षभर तरी ज्या प्रकरणात निंबाजींचे एकट्याचे मत निर्णायक ठरेल, तिथे त्यांनी स्वतः जाऊन हरलेल्याच्या हातावर गूळ ठेवावा. वरच्या पीठातल्या एकाने गावोगाव गूळ घेऊन हिंडावे, याची दरबारात पुष्कळ थट्टा झाली. पहिलेच प्रकरण निघाले ते नदीच्या उताराचे. धाकाने खाल्लेला खडा हा खडाच नव्हे, अर्ज ऐकलाच पाहिजे, असे निंबाजींनी मत दिले. अर्ज उघडला. चौघे पुन्हा दोन-दोन फुटले, आणि निवाडा निंबाजींच्या मतावर येऊन ठेपला.

निंबाजी घाटावर आले तेव्हा माणकूही गावी आला होता. या वेळी गुरुजींची परवानगी मागून, आणि फक्त नावाड्याचा मुलगा म्हणून. निंबाजी वडाखाली बसले. प्रतिपक्षाचे ऐकले, गावातल्या वृद्धांचे ऐकले, आणि मग वडिलांना म्हणाले, "आता तुम्ही सांगा. अगदी पहिल्यापासून. मला घाई नाही."

वडील सांगू लागले. आजोबांची नाव, तिचे सागवान, तिचा रंग, महापुरात ती फुटली ते. दोन वर्षे तुंबलेले सगळे बाहेर येत होते. निंबाजींनी मध्येच एक प्रश्न विचारला. "फुटल्यावर पुन्हा नाव केव्हा घातली?"

वडील समोरच्या काठाकडे पाहत राहिले. "बारा वर्षांनी," ते म्हणाले. "मी घातली. माझ्या वडिलांना जमलं नाही."

"त्या बारा वर्षांत लोकांना कोण उतरवत होतं?"

वडिलांनी प्रतिपक्षाच्या म्हाताऱ्याकडे बोट केले. "यांचा बाप. पुराच्या पाण्यातसुद्धा." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "शास्त्रीबोवांकडं हे मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

जो पुरातही नाव बंद ठेवत नाही त्याचा उतार, हा त्या नदीवरचा पूर्वापार नियम. निवाडा तोच राहिला. हक्क गेला तो गेलाच. ज्या माणसाच्या निवडीवर आपण मनातल्या मनात साखर वाटली, त्यानेच आपल्याला हरवले होते, आणि आता त्याच्यावर बोट ठेवायला कुठे जागा सापडत नव्हती. तरी सवयीप्रमाणे त्याने ती शोधून पाहिली.

निंबाजी उठले. जन्मात पहिल्यांदा ते कुणाच्या हातावर गूळ ठेवत होते, आणि सवय नसल्यामुळे खडा एकदा खाली पडता पडता राहिला. "माझ्या वर मडकं नाही," ते वडिलांना म्हणाले. "म्हणून तीन दिवस मी इथंच धर्मशाळेत आहे. माझं काही चुकलं असं वाटलं तर येऊन सांगा. मी ऐकेन."

त्यांनी वाट मोकळी सोडली. दारच नव्हते तिथे, काठीही नव्हती. घाटाच्या पायऱ्या होत्या आणि पलीकडे नदी. वडील खडा घेऊन पायऱ्या उतरू लागले. माणकू त्यांच्यामागे गेला.

"बाबा, तीन दिवस आहेत. मी सगळे कागद पुन्हा वाचतो. काहीतरी सापडेल."

वडील शेवटच्या पायरीवर बसले. त्यांनी खडा पायरीच्या कडेवर आपटून त्याचे दोन तुकडे केले. एक स्वतःच्या तोंडात टाकला. दोन वर्षांनी गूळ खाणारा तो माणूस डोळे मिटून सावकाश चघळत राहिला. मग दुसरा तुकडा त्यांनी मुलापुढे धरला.

"घे," ते म्हणाले. "हरलास तूही."

माणकूने तो घेतला आणि खाल्ला. जीभ दाखवायला कुणी सांगितले नाही.

आसनावर किती वर्षे बसलात, हे मोठ्या पदासाठी निघालेल्या माणसाला जरूर विचारावे. आणि विचारून झाल्यावर त्याच्या उंबऱ्याजवळचे मडके आत हात घालून पाहावे.